एमिल मोलनारची अडकलेली सही

माझ्या फिरतीचा नकाशा शिकागोच्या कचेरीतल्या प्रेस्टनने पडद्यावर लावला तेव्हा खोलीतले अकराच्या अकरा जण हसले. तीन वर्षांच्या लाल रेघा. इंडियानापोलिसहून टोलेडो, टोलेडोहून डेटन, डेटनहून फोर्ट वेन, तिथून परत टोलेडो. दारू प्यालेली माशी शाईत पाय बुडवून कागदभर हिंडावी तसं दिसत होतं ते. प्रेस्टन म्हणाला, यात काही तर्क दिसत नाही. मी म्हटलं, तर्क आहे, तुला दिसत नाही. ज्या गावाचा बेसबॉल संघ ज्या दिवशी घरच्या मैदानावर खेळतो, त्या दिवशी मी त्या गावात असते.

मग कोणी हसलं नाही.

मी व्हर्ना काल्ब. एकोणीस वर्षं बेकरीवाल्यांना पीठ मळायची यंत्रं विकते, आणि बिघडली तर स्वतः उघडून दुरुस्तही करते. चोरी केली नव्हती, त्यामुळे लपवण्यासारखं काही नव्हतं. बेकरीवाला रात्री एकला उठतो, सकाळी अकरापर्यंत भट्टीपुढे असतो, मग झोपतो. सकाळी दहाला टाय लावून दारात उभं राहणाऱ्याला तो आत घेत नाही, घेऊही नये. संध्याकाळी साडेसहाला मात्र तो मैदानावर सापडतो, कारण तिथे सॉसेजला जे पाव लागतात ते त्याच्या भट्टीतले असतात आणि ते लोक कसे खातात हे त्याला बघायचं असतं. शेजारी बसायचं, दोघांनी समोर बघायचं आणि बोलायचं. डोळ्यांत डोळे घालून धंद्याचं बोलणं फक्त पोलिसांना शोभतं.

आणि हो, मला खेळ आवडतो. तो मोठ्या लीगचा, टीव्हीवरचा नाही. त्याच्या खालच्या पायरीवरचा, जिथे वर चढणारे घाईत असतात, वरून ढकललेले चिडलेले असतात, आणि म्हणून कोणी नाटक करत नाही. मला ती गावंही आवडतात. "तिथे काय आहे?" असं जे विचारतात त्यांनी त्या गावांतलं फक्त हॉटेलचं पार्किंग बघितलेलं असतं.

शिकागोच्या मोठ्या साहेबांनी निकाल दिला. संगणकावर नवीन सॉफ्टवेअर आलं होतं, ते प्रत्येकाची फिरती आखणार होतं. प्रेस्टनने चार दिवस माझ्याबरोबर फिरावं. टोलेडोची मोलनार बेकरी ही सगळ्यात मोठी ऑर्डर, सहा यंत्रांची, वर्षभर लोंबकळत होती. गुरुवारी टोलेडोच्या घड्याळाने दुपारी अडीचच्या बैठकीत तिच्यावर सही झालेला कागद दिसला, तर व्हर्नाचा रस्ता व्हर्नाच्या हातात. नाही दिसला, तर सोमवारपासून रस्ता संगणक आखेल, आणि व्हर्ना बहुतेक वेळ फोनवरून विकेल.

फोनवरून. चारशे पौंड पीठ पोटात घेणारं यंत्र फोनवरून विकायचं. ही कल्पना ज्याच्या डोक्यात आली त्याला एकदा त्या यंत्रात बसवला पाहिजे.

सोमवारी सगळ्या लीगला सुट्टी, म्हणून सोमवार गाडी चालवण्याचा. प्रेस्टन माझ्या शेजारी, मांडीवर लॅपटॉप. वय एकतीस, वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळं आधीच माहीत होतं. मंगळवारी इंडियानापोलिसमध्ये त्याने स्वतःच्या पद्धतीने सकाळी दहाची भेट ठरवली. बेकरीवाला कोपरापर्यंत पिठाने माखलेला, उभ्या उभ्याच ऐकत होता. चौथ्या मिनिटाला म्हणाला, मुला, माझं पीठ फुगतंय, आणि आत गेला. त्याच संध्याकाळी तोच माणूस मैदानावर आमच्या शेजारी बसून तीन तास बोलला. बशीएवढा तळलेला डुकराच्या मांसाचा तुकडा आणि त्याच्या मधोमध टोपीसारखा ठेवलेला पाव खात खात त्याने जुन्या यंत्राच्या सगळ्या तक्रारी सांगितल्या आणि नवीन बघायला येतो म्हणाला. प्रेस्टनने वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं कोण जाणे.

बुधवारी फोर्ट वेन. मी त्याला हॉटेलातला फुकटचा नाश्ता करू दिला नाही. कोर्टासमोरच्या टपरीवजा दुकानात काउंटरवर बसवलं, मग नद्यांच्या संगमापर्यंत चालत नेलं. तो विचारत होता, यातून काय साध्य होतं? मी म्हटलं, गाव साध्य होतं. ज्या गावात आपण विकतो ते गाव पायांना कळलं पाहिजे. संध्याकाळी बरोबरीनंतरच्या जादा, दहाव्या डावात फोर्ट वेनने सामना खेचून आणला तेव्हा तो उभा राहून ओरडला आणि लगेच बसून इकडेतिकडे बघू लागला, जणू कोणीतरी त्याची तक्रार करणार होतं.

गुरुवारी टोलेडोत दुपारचा सामना होता, बारा वाजून पाच मिनिटांनी. बेकरीवाल्यांसाठी याहून चांगली वेळ देवाने केलेली नाही. काम उरकून आंघोळ करून यायचं, सामना संपला की झोपायचं. एमिल मोलनार आणि त्याची बहीण इर्मा तिसऱ्या बेसच्या बाजूला नवव्या रांगेत बसले होते. एमिल अडुसष्टचा, हात दरवाज्याएवढे. इर्मा त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, बेकरीची वही तीच बघते आणि सामन्याचीही. प्रत्येक चेंडूची नोंद ती पेन्सिलने कागदावर करते. सदतीस वर्षांचे कागद तिच्याकडे खोक्यांत आहेत. नवऱ्याचे फोटो एका पाकिटात मावतात.

ऊन छान होतं. मैदानामागे इमारतींच्या गच्च्यांवर लोक खुर्च्या टाकून बसले होते. पलीकडच्या गल्लीतून पाप्रिकाची लाल पूड घातलेल्या कोंबडीचा वास येत होता आणि मी मनात ठरवून टाकलं की सामना संपला की तिकडेच जेवायचं, मग शिकागो काहीही म्हणो.

एमिल कागद वाचायला फार वेळ घेतो. दोन पानं. प्रत्येक ओळीवर बोट. पहिल्या डावात त्याने पहिलं पान सुरू केलं, तिसऱ्यात संपवलं. मध्ये मध्ये पाव उलटा करून खालची बाजू तपासत होता, शेजारच्या अनोळखी माणसाचाही. प्रेस्टनची चुळबूळ चालली होती. पाचवा डाव सुरू झाला तेव्हा एमिलने चष्मा वर केला आणि म्हणाला, ठीक आहे, दे पेन. प्रेस्टन उडी मारून पायऱ्यांवर गेला, रांगेच्या टोकाशी उभं राहून त्याने पेन पुढे केलं. डाव्या हातावर कोट, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. एमिलने कागद गुडघ्यावर ठेवला आणि 'एमिल' लिहिलं.

तेवढ्यात टोलेडोच्या पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, तिसरा फलंदाज बाद केला आणि इर्माने आपला कागद भावाकडे वळवला.  

एमिलचं पेन थांबलं. आडनाव लिहायचं राहिलं.

मी इर्माचा कागद बघितला. पाहुण्या संघाच्या बाजूला पाच डाव, पंधरा फलंदाज, पंधराही बाद. एकही फटका नाही, म्हणजे चेंडू मारून कोणी बेसवर पोचलेलं नाही. मी बोलण्याच्या नादात बघितलंच नव्हतं. नऊच्या नऊ डावांत समोरच्यांना एकही फटका मिळू न देणं पिचरच्या जन्मात एकदा घडलं तर घडतं. मी सहाशेच्या वर सामने बघितलेत, आठ राज्यांत, पावसात, गारांत, एकदा तर टोळधाडीत. असं मला एकदाही बघायला मिळालेलं नाही. आणि ते चालू असताना दोन नियम असतात. त्याचं नाव काढायचं नाही. आणि जो जसा असेल त्याने तसंच राहायचं, कारण आत्तापर्यंत जे चाललंय ते याच मांडणीवर चाललंय.

हे कोणी कुणाला शिकवत नाही. आम्हाला ते ठाऊक असतंच. प्रेस्टनला नव्हतं. त्याचं बालपण टेनिसमध्ये गेलं होतं.

"सर, आडनाव राहिलं," तो म्हणाला.

 एमिल समोर बघत होता, पेन कागदाच्या बोटभर वर.

प्रेस्टनने माझ्याकडे बघितलं. मी डोकं हलवलं, आत्ता नाही. का नाही, असं त्याने विचारलं. आता या 'का'चं उत्तर देणं म्हणजेच तो गुन्हा करणं. मी हनुवटीने धावांच्या फळ्याकडे दाखवलं. फळ्याच्या शेवटी तीन खाने असतात, धावा, फटके, चुका. त्याने बघितलं, ओठ हलवून वाचलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, म्हणजे यांना अजून एकही..."

मी माझ्या हातातला अर्धा पाव त्याच्या तोंडात कोंबला. मोहरीसकट. मागच्या रांगेतला एक दाढीवाला म्हणाला, "आभारी आहे, बाई."

प्रेस्टन चावत खाली यायला निघाला. इर्माने पेन्सिल त्याच्यावर रोखली.

"तिथेच," ती म्हणाली. "पाचव्यात जिथे होतास तिथेच. पायसुद्धा."

"किती वेळ?"

"असं विचारतात का रे, येड्या?"

तो उभा राहिला. एक पाय वर, एक खाली.

पिचरचं नाव ओसिएल फर्मिन. डावखुरा, तिशीला टेकलेला, दोनदा वर गेलेला आणि दोनदा खाली ढकललेला. सहावा डाव संपवून तो बाकावर बसला तेव्हा सगळे त्याच्यापासून सरकून लांब बसले, पाणीसुद्धा कोणी दिलं नाही. बाजूच्या जिन्यात एक माणूस बियरचे चार ग्लास घेऊन उभा होता. तो तसाच उभा राहिला, बियर गरम होत होती. टॉयलेटला निघालेली एक बाई दाराशी पोचून थांबली होती, ती आतही जाईना, परतही येईना. सात हजार माणसं एखादी झोपलेली गोष्ट जागी होऊ नये म्हणून श्वास रोखून बसली होती. आणि मला मी बावन्न वर्षांची बाई असल्याचा विसर पडला.

पण घड्याळ कोणाच्या बापाचं नसतं. सातवा डाव संपला तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटं होती. प्रेस्टनच्या खिशात फोन थरथरत होता. तो वाकला, पाय न हलवता, जमेल तितका, आणि माझ्या कानाशी कुजबुजला. त्याचं म्हणणं असं: आपण नाव घेतलं की हे मोडतं, असं ही सगळी मानतात ना? मग मोडू दे. मोडलं की म्हातारा आडनाव लिहील, मी फोटो पाठवीन, तुमचा रस्ता तुमच्या हातात. एक वाक्य. मीच बोलतो, शिव्या मी खातो.

तो मनापासून बोलत होता, हे मला कबूल केलं पाहिजे. चार दिवसांत पहिल्यांदा तो माझ्या बाजूने काही करायला निघाला होता.

मी मैदानाकडे बघितलं. फर्मिन माती पायाने सारखी करत होता. एकोणीस वर्षं मी हा रस्ता कशासाठी भांडून ठेवला होता? अशाच एका दुपारसाठी. ती माझ्यासमोर बसली होती, आणि मी तिचा गळा दाबून रस्ता वाचवायचा? मग त्या रस्त्यावरून जाऊन बघायचं तरी काय?

"बोलून बघ," मी म्हटलं. "शिकागोपर्यंत चालत जाशील. कोट मी घेऊन जाईन."

"तुमचं काम जाईल, व्हर्ना."

"काम नाही जात, रस्ता जातो. उभा राहा सरळ."

तो सरळ उभा राहिला. आठव्या डावात एका फलंदाजाने चेंडू असा सणसणीत हाणला की माझ्या तोंडून हुंदका निघाला, पण तिसऱ्या बेसवरच्याने आडवी उडी घेऊन तो झेलला आणि तो मातीत लोळत असतानाच पंच म्हणाला, बाद. माझ्या खांद्याला कोणीतरी गच्च पकडलं होतं. वळून बघितलं तर प्रेस्टनचा हात. कोट खाली पडला होता. इर्माने तो बघितला, क्षणभर विचार केला आणि तिथेच पडून राहू दिला.

नववा डाव. दोन वाजून एकवीस मिनिटं. टोलेडो दोन धावांनी पुढे. आता सगळे उभे होते, फक्त एमिल बसलेला, गुडघ्यावर कागद, वर पेन.  पहिल्या फलंदाजाने चेंडू उंच उडवला आणि तो झेलबाद झाला. दुसऱ्याला फर्मिनने तीन चेंडूंत चालता केला, तिसरा चेंडू तर त्याने बघितलाही नाही. एक राहिला.

प्रेस्टनचा फोन पुन्हा थरथरला. त्याने तो काढला, पडद्याकडे बघितलं, आणि उलटा करून छातीशी धरला.

तिसऱ्याने चेंडू जमिनीवरून सरपटत मारला, सरळ टीगकडे. टीग दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखतो, आणि असले शंभर चेंडू तो डोळे मिटून उचलतो. हा त्याच्या हातमोज्यात गेला, बाहेर आला, पायावर आपटला. त्याने उचलून फेकला तोवर फलंदाज पहिल्या बेसच्या पलीकडे.

सात हजार माणसं फळ्याकडे वळली. फटका की चूक? हे वर काचेमागे बसलेला एक नोंदणीचा माणूस ठरवतो. फटका लिहिला तर सगळं संपलं. चूक लिहिली तर जिवंत. फळा तसाच. अजून तसाच. टीग कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत होता. इर्माची पेन्सिल हवेत. प्रेस्टन पुटपुटत होता, चूक, चूक, चूक, आणि हा तो माणूस, ज्याला दोन तासांपूर्वी दोन्हींतला फरक ठाऊक नव्हता.

शेवटच्या खान्यात शून्य होतं, तिथे एक आला. चूक.

जो आवाज उठला त्याने गच्चीवरची कबुतरं उडाली. टीगने स्वतःच्या छातीवर हात मारून फर्मिनला दाखवलं, माझीच, माझीच. आपली चूक जाहीर झाली म्हणून इतका खूश झालेला माणूस मी आजवर बघितला नव्हता.

चौथा फलंदाज आला. अडीच वाजले. शिकागोत आता पडदा उजळला असेल, साहेब खुर्चीत टेकले असतील. मला ते दिसलं आणि पुसलं गेलं. पहिला चेंडू बाहेर. दुसरा चेंडू त्याने उचलला, डावीकडे, उंच, फार उंच. टोलेडोचा खेळाडू मागे पळाला, भिंतीला पाठ लागली, हात वर. एवढा वेळ तो चेंडू वर होता की मला माझे सगळे सोमवारचे प्रवास आठवले, सगळे काउंटर, सगळे ओले बाक.

तो हातमोज्यात पडला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी ओरडत होते. मागच्या दाढीवाल्याने मला उचललं. बियरवाल्याने चारही ग्लास हवेत भिरकावले आणि ती गरम बियर आमच्यावर पडली. प्रेस्टनने पायरी सोडली आणि त्याचा सुन्न झालेला पाय त्याच्याखाली मुडपला. तो इर्माच्या मांडीत पडला, आणि तिने त्याचं डोकं धरून त्याच्या कपाळाचा मुका घेतला. म्हणाली, "चांगला उभा राहिलास हो, पोरा." एमिल रडत होता. रडता रडता त्याने 'मोलनार' लिहिलं, मोठ्या अक्षरात, रेघेच्या बाहेर, आणि खाली तारीख आणि वेळही. दोन वाजून छत्तीस मिनिटं.

सहा मिनिटं उशीर.

प्रेस्टनने शिकागोला फोन लावला. मी त्याच्यापासून एक रांग लांब बसले, ऐकू येत होतं सगळं. त्याने उशिराचं कारण सांगितलं नाही, त्याने सामना सांगितला. टीगची चूक, थांबलेला फळा, भिंत. पलीकडून काही विचारलं गेलं. तो म्हणाला, हो, सही आहे. मग म्हणाला, नाही सर, अडीचच्या आत नव्हती. मग बराच वेळ नुसतं "हो".

फोन ठेवून तो माझ्याजवळ आला. बैठक संपली होती. ठरल्याप्रमाणे सोमवारपासून रस्ता संगणक आखणार. साहेबांना सहा यंत्रांचा आनंद झाला आणि त्यांनी अभिनंदन कळवलंय.

मी म्हटलं, अभिनंदन घालू दे चुलीत.  मैदानावर ते अजून फर्मिनला पाण्याने भिजवत होते. मी ते बघत राहिले. रस्ता गेला होता आणि मला रडू येत होतं आणि मी हसतही होते, हे सगळं एकाच तोंडाने.

प्रेस्टन शेजारी बसला. ओल्या बाकावरच. त्याने लॅपटॉप उघडला, बियर पुसली आणि समोर बघत बोलायला लागला, माझ्याकडे नाही, समोर. म्हणाला, संगणकाला स्वतःचं काही कळत नाही. त्याला जे भरवावं त्यावर तो रस्ता आखतो. त्यात एक रकाना आहे, गिऱ्हाईक कधी भेटू शकतं त्याचा. तो भरायचं काम माझं. मी सगळ्यांपुढे नऊ ते पाच भरलं होतं.

"सगळ्यांपुढे?" मी विचारलं. "बेकरीवाल्यांपुढे?"

"हो."

"तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती?"

"सांगा आता. टोलेडो, मोलनार."

मी नाक पुसलं. म्हटलं, लिही. मंगळवारी आणि बुधवारी साडेसहानंतर, महिन्यातून एका गुरुवारी दुपारी बाराला. फोर्ट वेनचे दोघे शुक्रवारी सात वाजता. डेटनवाला फक्त रविवारी दुपारी, त्याच्या आधी तो माणसांत नसतो. यातलं काहीही खोटं नव्हतं, एक अक्षरही नाही. ती माणसं त्याच वेळी भेटतात. प्रेस्टन भराभर टंकत होता, मी वेळापत्रक न बघता सांगत होते, ऑगस्टपर्यंतचं. एमिलने मध्येच हात लांब करून एक वेळ दुरुस्त केली. पडद्यावर नवीन लाल रेघ उमटायला लागली, इंडियानापोलिसहून टोलेडो, टोलेडोहून डेटन, आणि प्रेस्टन तिच्याकडे असा बघत होता जणू ती त्यानेच शोधून काढली.

मग त्याने ओमाहाबद्दल विचारलं. तिथलं मैदान चांगलं आहे असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

"ओमाहात आपलं एकही गिऱ्हाईक नाही," मी म्हटलं.

"मग एक मिळवायला लागेल," तो म्हणाला, आणि त्याने रकान्यात ओमाहा टाकलं.